सोयूझ टीएमए-१९एम, सायन्स म्युझियम, लंडन: साडेचार स्टार

माझी सगळी नोकरी दुचाकीच्या शॉकअपच्या टेस्टिंगमध्ये गेली. त्यामुळे लेकीकडे लंडनला आलो की बिग बेन वगैरे नंतर, आधी साउथ केन्सिंग्टनचं सायन्स म्युझियम. प्रवेश फुकट. तिथे अंतराळवीर टिम पीक, युरी मालेंचेन्को आणि टिम कोप्रा १८ जून २०१६ला जिच्यातून कझाकस्तानच्या माळावर उतरले, ती रशियन सोयूझ यानाची अवकाशकुपी ठेवलीय. खरीखुरी, करपलेली. लोक त्या करपण्याचेच फोटो काढतात. माझा विषय आपटण्याचा.

व्यास जेमतेम सव्वादोन मीटर, वजन जवळपास तीन टन. हजार चौरस मीटरचं पॅराशूट उघडूनही ही बया सेकंदाला सातेक मीटरने खाली येते, म्हणजे अडीच मीटरवरून सरळ जमिनीवर पडल्यासारखं. त्यावर उपाय काय, तर वाटेतच तळाची उष्णतारोधक ढाल टाकून द्यायची. तिच्याआड घन इंधनाची सहा छोटी रॉकेटं असतात. जमीन साधारण ८० सेंटिमीटरवर आली की गॅमा किरणांनी उंची मोजणारं यंत्र ती पेटवतं. हिशेब करून बघा, हाताशी सेकंदाचा नववा हिस्सा! आमच्या टेस्ट रिगचा सेन्सर तेवढ्यात जांभई देत बसला असता.

पण पैकीच्या पैकी मार्क कझबेक खुर्चीला. उतरण्याआधी ती वर उचलली जाते, म्हणजे धक्का बसला की दबायला खाली जागा, आमच्या भाषेत स्ट्रोक. तो मिळाला की निम्मं काम झालं, हे कुठलाही शॉकअपवाला सांगेल. वर प्रत्येकाच्या पाठीच्या मापाचं अस्तर, तेही माणसाला ओल्या प्लास्टरमध्ये बसवून घेतलेल्या ठशावरून. अंतराळात पाठीचा कणा लांबतो, म्हणून डोक्याशी मुद्दाम जागा सोडतात. इतका पुढचा विचार! तरीही उतरताना जीभ दातांत येऊ देऊ नका, अशी ताकीद असतेच. १९६९मध्ये सोयूझ ५च्या पॅराशूटच्या दोऱ्या गुंतल्या, रॉकेटांनीही दगा दिला. बोरिस वोलिनोवचे दात तुटले, पण गडी वाचला.

अर्धा स्टार कापला तो एकाच मुख्य पॅराशूटसाठी. राखीव आहे, पण ते ५७४ चौरस मीटरचं, म्हणजे बरंच लहान. याच म्युझियममध्ये अमेरिकेच्या अपोलो १०ची कुपी आहे, तिला मुख्य पॅराशूटं तीन. १९७१मध्ये अपोलो १५चं त्यातलं एक मिटलं, तरी तिघं सुखरूप उतरले. अर्थात त्यांच्या खाली पॅसिफिक होता. रशियनांना कझाकस्तानच्या माळावर उतरायचं, तिथे पाण्याची मेहेरबानी नाही. त्यामुळे हा अर्धा स्टार कापताना जरा जिवावरच आलं.

जाणार असाल तर आधी अपोलो बघा, मग सोयूझ. तीन माणसं गुडघे पोटाशी घेऊन आत कशी मावली असतील, हे मग नीट कळतं.