व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटी : दवंडीला पक्की, चावडीला कच्ची

तालुक्यातले सात-आठ राजकीय ग्रुप एकत्र आणायचं ठरलं की पहिलं नाव निघतं ते व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटीचं. फुकट आहे, प्रत्येकाच्या मोबाइलात आधीच आहे आणि जोडायला अर्धा तासही लागत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये ही सोय सगळ्यांसाठी खुली झाली. हे परीक्षण तिच्या एकाच वापरापुरतं आहे : वऱ्हाडातला कापूस-सोयाबीनवाल्यांचा ग्रुप, झाडीपट्टीतला (पूर्व विदर्भातला) धानवाल्यांचा ग्रुप, वेगळ्या विदर्भाची चर्चा करणारा नागपूरकडचा ग्रुप आणि दोन-चार गावचे पंचायतीचे ग्रुप एका छपराखाली आणले, तर गाडा चालतो का? निरोप पोचवण्यापुरता झकास चालतो. भांडण मिटवायची वेळ आली की चाक रुततं.

जोडणी सोपी आहे. नवीन कम्युनिटी उघडायची, नाव आणि दोन ओळींची माहिती टाकायची, मग असलेले ग्रुप आत घ्यायचे. जो ग्रुप जोडायचा त्याचं अ‍ॅडमिनपद जोडणाऱ्याकडे हवं, आणि एक ग्रुप एका वेळी एकाच कम्युनिटीत राहतो. ग्रुपात माणसं 1,024 पर्यंत. ग्रुप जोडला की त्यातला प्रत्येक जण आपोआप सूचनांच्या ग्रुपात येतो, तिथं नवी सूचना फक्त अ‍ॅडमिनच टाकतात.

पहिली ठिणगी पडते ती याच ‘आपोआप’मुळे. नळाला पाणी कधी येणार हे कळावं म्हणून जो माणूस गावच्या ग्रुपात होता, त्याच्या मोबाइलवर सकाळी उठल्या उठल्या कुठल्याशा मोर्चाच्या कम्युनिटीचं नाव आणि झेंड्याचा फोटो दिसतो. त्याला कोणी विचारलेलं नसतं. गावात याचा अर्थ सरळ लावला जातो : सरपंचानं ग्रुप विकला. म्हणून जोडणीच्या किमान आठ दिवस आधी प्रत्येक ग्रुपात लेखी सूचना टाकावी, ज्यांना नको त्यांना बाहेर पडायला वेळ द्यावा, आणि कम्युनिटीचं नाव व फोटो पक्षाचा ठेवू नये. पाणी, वीज, रेशन, आरोग्य यांचे ग्रुप तर जोडूच नयेत. मोह होतो, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथंच असतात.

दुसरी ठिणगी ‘जनरल’ नावाच्या ग्रुपात पडते. कम्युनिटीसोबत हा खुला ग्रुप तयार होतो आणि नवे अ‍ॅडमिन तो हौसेनं चालू ठेवतात. पाच ग्रुपांची पाच वळणं तिथं एकदम समोरासमोर येतात. पहिल्या दिवशीच तो बंद करावा. एकत्र बोलायचंच असेल तर एखाद्या विषयापुरता ग्रुप काढावा, मुदत ठरवावी आणि मुदत संपली की मिटवून टाकावा.

आता मुख्य तक्रार. भांडखोर माणसाला आवरायला या सोयीत मधली पायरीच नाही. एकट्याला दोन दिवस गप्प बसवता येत नाही. मेसेज काढून टाका, सगळ्या ग्रुपाचं तोंड बंद करून फक्त अ‍ॅडमिनला बोलू द्या, नाहीतर माणसाला हाकला, एवढेच तीन मार्ग. त्यातही कम्युनिटीच्या अ‍ॅडमिननं एखाद्याला कम्युनिटीतून काढलं की तो आतल्या सगळ्या ग्रुपांतून जातो. धानाच्या बोनसवरून नागपूरकडच्या ग्रुपात कुणाशी वाजलं, म्हणून आपल्याच गावच्या ग्रुपातून नाव कटलं, असा प्रकार होतो. गावात ही शिक्षा फार मोठी समजली जाते. पूर्वी वाळीत टाकायचे, तसंच काहीसं. मग त्याचे भाऊबंद ग्रुप सोडतात, आठवड्यात दुसरा ग्रुप निघतो, नावात फक्त ‘ओरिजिनल’ वाढलेलं.

यावर उतारा एकच, तो कागदावर करावा लागतो. कम्युनिटीचे अ‍ॅडमिन माणसाला काढणार नाहीत, ते काम ज्या ग्रुपात गुन्हा घडला त्याच ग्रुपाचा अ‍ॅडमिन करील, आणि तेही फक्त त्याच ग्रुपापुरतं, हे जोडणीआधी ठरवून सगळीकडे टाकून ठेवावं. पहिल्यांदा खाजगीत समज, दुसऱ्यांदा ग्रुपात नाव घेऊन ताकीद, तिसऱ्यांदा सात दिवस बाहेर, परत कधी घेणार ती तारीख सांगून. तारीख सांगितली की निम्मा राग तिथंच बसतो.

कुणी काय केलं याची वही ही सोय ठेवत नाही. अ‍ॅडमिननं मेसेज काढला तर त्याचं नाव तिथं दिसतं, पण कारण दिसत नाही आणि मूळ मेसेजही राहत नाही. लिहिलेला मेसेज 15 मिनिटांत बदलता येतो. बदलल्याची खूण येते, पण आधी काय होतं ते कळत नाही. शिवी देऊन, चार जणांनी वाचल्यावर ती ‘साहेब’ करून ठेवणारे महाभाग प्रत्येक तालुक्यात आहेत. म्हणून कारवाईआधी स्क्रीनशॉट घ्यावा आणि तारीख, वेळ, ग्रुप, मेसेज, कोणत्या नियमाखाली कारवाई केली, कोणी केली, अशा सहा रकान्यांची वही ठेवावी. दोन अ‍ॅडमिननी मिळून निर्णय घ्यावा, त्यातला एक दुसऱ्या ग्रुपाचा असावा.

आणि ज्याच्या मोबाइलवरून ग्रुप उघडला त्याला बाकीचे अ‍ॅडमिन हटवू शकत नाहीत. आपल्याकडे कार्यकर्ता पक्ष बदलायला एक सभा पुरते. तो गेला की ग्रुपाची चावी त्याच्या खिशात जाते. ग्रुप नेहमी सगळ्यांना मान्य अशा, निवडणूक न लढवणाऱ्या माणसाच्या नंबरवरून उघडावा.

मतदानाची सोयही तपासली. पर्याय 12 पर्यंत देता येतात, निकाल लगेच दिसतो. पण कोणी कशाला मत दिलं हेही दिसतं. ‘मोर्चा तहसीलवर की बाजार समितीवर’ एवढ्याला ठीक. ‘उमेदवार कोण’ याला अजिबात वापरू नये, शेतमजूर मालकाच्या डोळ्यांदेखत मत देणार नाही.

इथवर यंत्राचं झालं. ज्यावरून ग्रुप खरोखर फुटतात ती गोष्ट सेटिंगमध्ये सापडत नाही, ती बोलण्याच्या वळणात असते. ‘काय बे’ हे नागपूरकडं आणि वऱ्हाडात दोस्तीचं बोलणं आहे, ‘बह्याड’ (वेडा) म्हटलं तरी मायेनं घेतलं जातं. तेच दुसऱ्या ग्रुपातल्या वयस्कर माणसाला लिहिलं की अपमान. ‘ळ’चा उच्चार वऱ्हाडीत ‘य’कडे जातो, झाडीबोलीत ‘र’कडे. डोळ्याचा एकीकडे डोया होतो, दुसरीकडे डोरा. माणूस बोलतो तसा लिहितो आणि शहरातला कुणीतरी शुद्धलेखनाचा मास्तर होतो. अनुभवी अ‍ॅडमिन इथं उलटा नियम लावतात : शब्द कसा लिहिला यावर कारवाई नाही, पण कुणाच्या बोलीची टिंगल केली तर ताकीद. ‘बे’ चालेल की नाही हे ज्या त्या ग्रुपानं ठरवावं, एकत्र ग्रुपात मात्र ‘भाऊ’, ‘ताई’ सोडून काही नाही.

पोळ्याचं प्रकरण तर खास आपलंच. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या म्हणायची रीत आहे, ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ म्हणत आमदारापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांची हजेरी घेतली जाते. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, सोबतच्या बडग्यांवर (पुरुषी पुतळ्यांवर) राजकीय टोमणे असतात. ज्या ग्रुपात हे मुरलंय तिथं झडती टाकली की हशा पिकतो. जोडलेल्या ग्रुपात तीच झडती ‘आमच्या नेत्याची बदनामी’ ठरते आणि अ‍ॅडमिनला रात्री बारा वाजता फोन येतात. पोळा ते मारबत एवढ्या दिवसांसाठी झडत्यांचा वेगळा ग्रुप काढणं हा चांगला तोडगा आहे. अट एवढीच : झडती पदावर असलेल्या माणसाच्या कामावर हवी, जातीवर किंवा घरच्या बाईवर नको.

नमस्काराचंही तसंच. कुठं ‘राम राम’, कुठं ‘जय भीम’, गोंड समाजात ‘जय सेवा’, तुकडोजी महाराजांच्या मोझरीकडच्या वळणात ‘जय गुरुदेव’, शिवाय ‘जय विदर्भ’ आणि ‘जय जवान जय किसान’. सूचनांच्या ग्रुपात यातला एकच वापरला की दुसऱ्या दिवशी ‘कम्युनिटी अमक्यांची झाली’ सुरू होतं. सगळे सहा लिहिले तर सूचना खाली वाचायला सरकवावी लागते. सूचनेत साधा ‘नमस्कार’ ठेवावा. सभासदांनी आपापला लिहावा, त्याला उत्तर त्याच शब्दात द्यावं, हे फार मोलाचं आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

वेळेचा नियम करताना शहरातले अ‍ॅडमिन हमखास चुकतात. ‘रात्री 10 ते सकाळी 6 ग्रुप बंद’ ऐकायला शिस्तीचं वाटतं. पण कृषिपंपांची थ्री-फेज वीज पाळीनं रात्री येते तेव्हा हरभऱ्याला पाणी देणारा माणूस रात्री एक वाजता जागा असतो, आणि त्याला बोलायला तेवढीच निवांत वेळ मिळते. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईचे (गावजत्रेचे) दिवस आले की रात्रभर नाटकं चालतात, तेव्हाही ग्रुप रात्रीच जागतो. कुलूप लावलं की धानवाले-कापूसवाले गप्प आणि दिवसभर ऑफिसात बसून लिहिणारे मालक. ग्रुप उघडा ठेवावा, ज्याला झोपायचं त्यानं तो म्यूट करावा.

शेतमालाच्या भावाच्या मेसेजवरून होणारी भांडणं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात फुकाची. 2025-26 च्या हंगामात कापसाचा हमीभाव मध्यम धाग्याला 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये क्विंटल होता. कुणी नुसतं ‘कापूस 8110’ टाकतो, दुसऱ्याच्या हातात कमी पडतात, तिसरा पहिल्याला दलाल म्हणतो. ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की कपात होते आणि 12 च्या वर सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) कापूस घेत नाही, हे कुणी लिहितच नाही. धानवाल्यांना या हिशेबाशी काही घेणं-देणं नाही, त्यांच्या साधारण धानाचा हमीभाव त्याच हंगामात 2,369 होता. नियम असा हवा : भावाच्या मेसेजात तारीख, बाजार किंवा केंद्र, जात किंवा धागा, ओलावा आणि हमीभाव की व्यापाऱ्याचा भाव, या पाच गोष्टी नसतील तर मेसेज काढला जाईल. पंधरा दिवस कडक राबवला की भांडणं झपाट्यानं कमी होतात. वेगळ्या विदर्भाचा वाद असा सुटत नाही. 1953 चा नागपूर करार आणि 1955 चा राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल काढून बसणाऱ्यांना त्यांचा ग्रुप त्यांच्यापाशी ठेवू द्यावा. बोनसच्या चर्चेत करार आला की तिथं हलवावा.

अ‍ॅडमिन व्हायला लोक घाबरतात त्याचं कारण पोलीस. याबाबत निकाल आपल्याच भागातला आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 1 मार्च 2021 रोजी सांगितलं की सभासदानं टाकलेल्या मजकुराबद्दल, समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट दिसत नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. हे कवच दुसऱ्याच्या मेसेजपुरतं आहे. अ‍ॅडमिननं स्वतः अफवा फॉरवर्ड केली तर ते कामाचं नाही. जुलै 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच निरपराध माणसं मारली गेली, ती अशाच अफवांच्या काळात. मुलं, प्रार्थनास्थळं, जनावरं यांबद्दलचा फॉरवर्ड आधी काढायचा, खरं-खोटं नंतर बघायचं. यावर चर्चा नको.

महिलांच्या दृष्टीनं एक गोष्ट चांगली आणि एक वाईट. सूचनांच्या ग्रुपात सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. पण कम्युनिटीतल्या दुसऱ्या ग्रुपात शिरलं की तिथल्या सगळ्यांना दिसतो. बचतगटाच्या आणि आशा ताईंच्या ग्रुपावर ‘नवीन सभासदाला मंजुरी’ हे सेटिंग चालू नसेल तर जोडणीच करू नये.

टेलिग्रामशी तुलना होतेच. तिथं एकट्या माणसाचं लिहिणं ठरावीक मुदतीसाठी थांबवता येतं, दोन मेसेजमध्ये सक्तीचं अंतर ठेवता येतं, अ‍ॅडमिननी गेल्या 48 तासांत काय केलं याची नोंद मिळते, ग्रुपही दोन लाखांपर्यंत जातो. आवराआवरीच्या बाबतीत ते कितीतरी पुढं आहे. अडचण एवढीच की गावातला पन्नाशीचा शेतकरी तिथं नाही, आणि त्याच्याशिवाय घेतलेला निर्णय बांधावर कुणी मानत नाही.

गुण : सूचना पोचवायला पाचपैकी साडेचार. वाद सोडवायला दीड. वही, दोन सह्या आणि लेखी नियम तुम्ही स्वतः जोडले तर तीन.

पटलं नाही तर सोडवणूकही सोपी आहे. कम्युनिटी बंद केली तरी आतले ग्रुप जसेच्या तसे सुटे राहतात, फक्त सूचनांचा ग्रुप बंद होतो. म्हणून बंद करायच्या आधी त्याच ग्रुपात शेवटची सूचना टाकावी : कोणता ग्रुप पुढं कोण चालवणार, कारवाईची वही कोणाकडे आहे, आणि सात दिवसांसाठी बाहेर काढलेल्यांना कोणत्या तारखेला परत घ्यायचं आहे.