मेट्रो सेस वेगळा सांगितला, तर थांबा

२०२५ च्या मार्चअखेरीस ठाण्यात एकच घाई चालली होती. १ एप्रिलपासून रेडी रेकनरचे (सरकारने ठरवलेले मालमत्तेच्या बाजारमूल्याचे) दर वाढणार, ही बातमी खरी होती आणि दर वाढलेही. ठाणे महापालिका हद्दीत सरासरी ७.७२ टक्के, नवी मुंबईत ६.७५ टक्के. बातमी खरी होती म्हणूनच तिच्या आडून बरंच काही खपलं. कळव्यातल्या एका जोडप्याचा हिशेब इथे पूर्ण मांडतोय. नाव-गाव मुद्दाम टाळलं आहे, पण आकडे बघा, कारण अशीच चिठ्ठी उद्या तुमच्या व्हॉट्सॲपवर येऊ शकते.

फ्लॅट रिसेलचा, नवरा-बायको दोघांच्या नावावर, किंमत ६८ लाख. एजंटने पाठवलेली चिठ्ठी अशी: स्टॅम्प ७ टक्के, ४,७६,०००. मेट्रो सेस १ टक्का, ६८,०००. रजिस्ट्रेशन १ टक्का, ६८,०००. स्कॅनिंग-हँडलिंग १२,०००. आणि शेवटी नुसतं 'ऑफिस', १५,०००. एकूण ६,३९,०००. खाली एक ओळ: "३१ तारखेच्या आत नाही भरलं तर नवा रेट लागेल, दहापट दंड पण आहे."

चिठ्ठीतली पहिली रक्कम तेवढी बरोबर आहे. ठाण्यात खरेदीखतावर मूळ ५ टक्के, स्थानिक संस्थेचा १ टक्का आणि एप्रिल २०२२ पासून मेट्रोचा १ टक्का, असे मिळून ७ टक्के होतात. म्हणजे मेट्रो सेस त्या सातात आधीच बसलाय. तो दुसऱ्यांदा लावून ६८,००० काढले. नोंदणी फी १ टक्का असते, पण तिला ३०,००० ची कमाल मर्यादा आहे. ३० लाखांच्या वर किंमत कितीही असो, नोंदणी फी ३०,०००च. म्हणजे इथे आणखी ३८,००० जास्तीचे.

स्कॅनिंग-हँडलिंग म्हणजे दस्त हाताळणी शुल्क, ते पानांवर ठरतं. बरीच वर्षं ते पानाला २० रुपये होतं, २०२५ मध्ये ४० झालं. वाढ दुप्पट आहे, पण रक्कम किती? या जोडप्याचा दस्त जोडपत्रांसह ८४ पानांचा झाला, म्हणजे ३,३६० रुपये. 'दुप्पट झालंय' हे वाक्य खरं होतं, १२,००० हा आकडा खोटा. 'ऑफिस' नावाचं कुठलंही शुल्क नाही.

सरकारकडे खरोखर गेले ५,०९,३६०. जोडप्याने दिले ६,३९,०००. मधले १,२९,६४० रुपये एजंटच्या खिशात गेले आणि त्याचा मेहनताना तर वेगळा ठरला होता.

आता घाईचं बघू. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरप्रमाणे येणारं बाजारमूल्य, यांतली जी रक्कम जास्त तिच्यावर लागतं. या फ्लॅटचं बाजारमूल्य जुन्या दराने साधारण ५९ लाख येत होतं. सरासरी वाढ धरली तरी साडेत्रेसष्ट लाखांच्या आसपास. करार ६८ लाखांचा. म्हणजे १ एप्रिल उलटला असता तरी यांचं शुल्क एका रुपयाने वाढलं नसतं. रेकनरची वाढ बाधते ती करारातली किंमत बाजारमूल्याच्या जवळ किंवा खाली असेल तेव्हा. हे तपासायला एजंट लागत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर बाजारमूल्य दर तक्ता आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की विभागवार निवासी सदनिकेचा चौरस मीटरचा दर दिसतो. कार्पेट म्हणजे आतल्या वापराच्या क्षेत्रफळाला १.१ ने गुणून बिल्टअप, म्हणजे बांधीव क्षेत्रफळ काढा, इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करा, लिफ्टची इमारत आणि पाचवा किंवा त्यावरचा मजला असेल तर मजल्याप्रमाणे वाढ धरा. काढलेला आकडा तंतोतंत जुळला नाही तरी आपण काठावर आहोत की नाही एवढं कळतं.

आणि समजा काठावर असलातच, तरी ३१ मार्चला नोंदणी कार्यालयात रांग लावायची गरज नसते. दस्तावर सह्या आणि शुल्काचा भरणा त्या तारखेच्या आत झाला, तर नोंदणीसाठी सह्यांच्या तारखेपासून चार महिने मिळतात. दहापट दंडाची भीती घातली होती, तो नोंदणी फीच्या दहापटीपर्यंतचा दंड या चार महिन्यांनंतर पुढच्या चार महिन्यांत येणाऱ्या दस्तांसाठी आहे. एजंट खोटं बोलला नाही, नियमाचं शेपूट तेवढं धरून बोलला. हे जोडपंही नोंदणीला मे महिन्यातच गेलं.

आता पैसे गेले कसे ते. एजंटचं म्हणणं होतं, तुमच्या नेटबँकिंगची लिमिट आडवी येईल, आमच्या खात्यावरून पाच मिनिटांत होतं. प्रत्यक्षात ग्रास या शासकीय पोर्टलवर कुणीही चलन, म्हणजे सरकारी पैसे भरण्याची स्लिप, तयार करू शकतो. नेटबँकिंग जमत नसेल तर चलन छापून बँकेच्या काउंटरवर भरता येतं. एजंटने स्वतःच्या खात्यातून बरोबर ५,०६,००० भरले. कमी भरून त्याचा उपयोग नव्हता, कारण दुय्यम निबंधक कार्यालयात मूल्यांकन निघतं आणि शुल्क कमी पडलं तर दस्त पुढे सरकत नाही. म्हणून या धंद्यात सरकारला सहसा कुणी फसवत नाही. सरकारला पुरेपूर देऊन वरचं पक्षकाराकडून उकळायचं, ही रीत.

पावती मागितली तेव्हा त्याने चलनाची पीडीएफ पाठवली, त्यावर ६,१२,०००. आकडा सफाईने बदलला होता. पण चलनावर रक्कम अक्षरीही छापलेली असते. तिथे इंग्रजीत 'फाइव्ह लाख सिक्स थाउजंड रुपीज ओन्ली' तसंच राहिलं होतं. दोघांपैकी कुणी ती ओळ वाचली नाही. उघड झालं ते पुढे, आयकरातल्या ८० सी च्या वजावटीसाठी सीएने नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) मागितला तेव्हा.

चलन कसं वाचायचं ते नीट सांगतो, कारण सगळं त्या एका पानावर असतं. वर 'एमएच' ने सुरू होणारा जीआरएन, म्हणजे त्या चलनाचा क्रमांक. डावीकडे विभाग, कार्यालय, वर्ष. उजवीकडे पैसे भरणाऱ्याचं नाव आणि पॅन. इथे तुमचं नाव हवं, एजंटचं नको. व्यवहार फिसकटला आणि परतावा मागायची वेळ आली तर याच नावावरून घोळ होतो. खालच्या शेऱ्यात दुसऱ्या पक्षाचं नाव आणि 'सीए' पुढे व्यवहाराची रक्कम. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी दोन वेगळ्या ओळींत. तळाला छापलेलं असतं की हे चलन केवळ दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी करावयाच्या दस्तासाठी लागू आहे. नोंदणी झाली की त्यावर डिफेसचा, म्हणजे चलन वापरलं गेल्याचा, तक्ता उमटतो: डिफेसमेंट क्रमांक, तारीख, रक्कम. डिफेस झालेलं चलन पुन्हा वापरता येत नाही. डिफेस न झालेलं चलन दाखवून कुणी 'भरले' म्हणत असेल, तर पैसे भरले असतील, पण ते तुमच्या दस्तासाठी वापरले गेले याचा तो पुरावा नाही. व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर विसंबू नका, जीआरएन ग्रासवर स्वतः शोधा.

नोंदणीनंतर तीन कागद ताडून बघा. डिफेस झालेलं चलन दस्तातच शिवलेलं असतं. नोंदणीच्या पावतीवर नोंदणी फी, दस्त हाताळणी फी आणि 'पृष्ठांची संख्या' छापलेली असते, भागाकार करून बघा. आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू: त्यात (२) मोबदला, (३) बाजारभाव, (१२) मुद्रांक शुल्क, (१३) नोंदणी शुल्क. विभागाच्या ई-सर्चवर तो मोफत दिसतो. एजंटने घेतलेली रक्कम आणि या रकान्यांतली रक्कम यांत फरक असेल, तर त्याचा जाब तिथेच मागायचा.

बाराव्या रकान्यातून आणखी एक प्रकार सापडतो. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर असेल तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, ठाण्यात ७ ऐवजी ६. सोबत नवऱ्याचं किंवा मुलाचं नाव जोडलं की सवलत गेली. काही एजंट एकट्या बाईकडून ७ टक्के घेतात आणि सवलत लावून ६ भरतात. ६८ लाखांवर तो एक टक्का ६८,००० होतो, आणि तिला सवलत मिळाल्याचं तिलाच कळत नाही.

कर्जाच्या कागदांत फसवणूक जास्त सोपी, कारण ती पानं पक्षकार उघडतच नाही. मूळ कागद बँकेकडे ठेवून घेतलेल्या कर्जावर, रक्कम ५ लाखांच्या वर असेल तर, मुद्रांक शुल्क ०.३ टक्के आहे. आधी ते ०.२ होतं. ५० लाखांच्या कर्जावर १५,०००. 'आता अर्धा टक्का झालाय' म्हणून २५,००० मागणारे भेटतात. याशिवाय गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन ३० दिवसांत दाखल करावी लागते आणि ती जबाबदारी कर्जदाराची आहे. तिचंही शुल्क आणि हाताळणी फी पावतीसह भरली जाते. बँकेच्या नावाने फिरणारा माणूस रोख मागत असेल तर त्याला एवढंच विचारा: चलन कुणाच्या नावाने निघेल आणि दाखल झाल्याची प्रत कधी मिळेल? नोटीस दाखल झालीच नाही, तर पैसे तर गेलेच, वर मुदत चुकल्याचं खापर तुमच्यावर.

नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच्या घरांना हस्तांतरण शुल्कही लागतं. ते सिडकोचं, मुद्रांक विभागाचं नव्हे, आणि त्याची पावती सिडकोची असते. दोन्ही एकत्र करून 'सरकारी खर्च' असा गोल आकडा सांगितला, की त्यात किती हवा भरली आहे ते ओळखता येत नाही. फोड मागा, कार्यालयवार.

किरकोळ वाटेल असंही एक सांगून ठेवतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये बऱ्याच दस्तांवरचं १०० रुपयांचं शुल्क ५०० झालं. त्यानंतर जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवास यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रालाही ५०० चा स्टॅम्प लागतो असं सांगून विकणारे निघाले. सरकारी कार्यालयात आणि न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे.

एजंट घेण्यात काही गैर नाही. डेटा एंट्री, पानांची जुळणी, टोकन, साक्षीदार, यात दोन दिवस सहज जातात आणि त्या कामाचे पैसे त्याने घ्यावेत. फक्त मेहनताना वेगळ्या ओळीत लिहून घ्या आणि सरकारी रक्कम तुमच्या खात्यातून ग्रासवर भरा.

फसवणूक झालीच असेल तर चिठ्ठी, व्हॉट्सॲप संदेश, बँकेतून पैसे गेल्याची नोंद आणि बदललेली पीडीएफ एकत्र ठेवा, काही डिलीट करू नका. एजंटकडे आधी लेखी फोड मागा, त्याचं उत्तर किंवा मौन दोन्ही उपयोगी पडतं. चलनात खाडाखोड असेल तर पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत सह जिल्हा निबंधक तथा मुद्रांक जिल्हाधिकारी, ठाणे यांना द्या. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि खातं बोगस निघालं तर लगेच १९३० ला फोन करा, तिथे तास मोलाचे असतात. 'ऑफिस' चे पैसे साहेबांसाठी आहेत असं कुणी म्हणालं, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे, आणि ती तक्रार पैसे देण्याआधी करायची असते. कळव्याच्या जोडप्याने चिठ्ठी जपून ठेवली होती. ती आणि इंडेक्स टू शेजारी ठेवल्यावर एजंटने मेट्रो सेसचे ६८,००० परत केले, बाकीच्या रकमेसाठी तक्रार चालू आहे.