सिम्युलेटरवर विमान शिकताना : आठ महिन्यांनंतर

गेल्या गणपतीनंतर भाच्यासाठी म्हणून जॉयस्टिक घेतला, कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरमध्ये विमान उडवायला. तो अकरावी सायन्सला, पायलट व्हायचंय म्हणतो. बहीण म्हणाली, "आधी घरात उडवून दाखव, मग बघू." आज भाच्यापेक्षा मीच जास्त वेळ बसतो, हे आधीच कबूल करतो.

प्रोग्रॅमचं नाव सांगत नाही, कारण मी दोन वापरून बघितले आणि धड्यांचा साचा दोन्हीकडे सारखाच निघाला. डाउनलोड शंभर जीबीच्या वर. मालवणात त्याला तीन रात्री गेल्या, त्यातली एक वीज गेल्यामुळे.

पहिले धडे सेस्ना १७२ या छोट्या, पंख्याच्या विमानावर, आणि ते खरंच चांगले आहेत. भाच्याला दुसऱ्याच दिवशी जेट हवं होतं. मी अडून बसलो, ते बरंच झालं. ५५ नॉटला नाक उचलायचं, ७४ च्या आसपास वेग धरून चढायचं, उतरताना शेवटच्या टप्प्यात ६५, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. इतक्या सावकाश चालणाऱ्या विमानात चूक झाली तर ती दिसते आणि सुधारायला वेळही मिळतो.

सगळ्यात जास्त शिकवलं ते ट्रिमने, म्हणजे जॉयस्टिकवर सतत लागणारा जोर काढून टाकणाऱ्या चाकाने. नवखा माणूस जॉयस्टिक घट्ट धरून सतत ओढत राहतो. मीही ओढायचो, मनगट भरून यायचं. नाक हवं तिथे आधी हाताने धरायचं आणि मग हातातला जोर उतरेपर्यंत ट्रिमचं चाक फिरवायचं, हे कळायला मला दोन आठवडे लागले. ट्रिमनेच नाक वर-खाली करायची सवय लागली असेल तर ती आधी मोडा. हात सोडला तरी विमान सरळ जात राहिलं की समजा जमलं.

टेकऑफला भाच्याचा पहिला प्रश्न, "मामा, ह्या विमान डावीकडेच कित्याक जाता?" पंखा आपल्या बाजूने बघता घड्याळाच्या दिशेने फिरतो. पूर्ण ताकदीत त्याचा झोत आणि ओढ दोन्ही नाकाला डावीकडे नेतात, म्हणून उजवा रडर (शेपटीवरची उभी फळी, ती पायाने हलवतात) द्यावा लागतो. धड्यात हे एका वाक्यात उरकलंय. वर, सुरुवातीला 'रडर आपोआप' ही मदत चालूच असते, त्यामुळे मुलाला पाय आहेत हेच कळत नाही. पहिल्याच दिवशी ती बंद करा. आमच्याकडे पॅडल नाहीत, जॉयस्टिकची मूठ पिळूनच काम भागवतो.

माझी खरी तक्रार लँडिंगच्या धड्याबद्दल आहे. विमान तीनदा उसळून थांबलं तरी 'उत्तम!' म्हणून पुढचा धडा उघडतो. धावपट्टीशेजारचे दोन पांढरे, दोन लाल दिवे दिसले म्हणजे उतार बरोबर, एवढं सांगतात. पण शेवटच्या वीस फुटांत नजर धावपट्टीच्या पार टोकाला न्यायची आणि विमानाला हळूहळू बसू द्यायचं, हे कोणी सांगत नाही.

म्हणून धडे संपल्यावर आम्ही सिम्युलेटरमधल्याच चिपीला आलो. परुळ्याजवळच्या सड्यावरचा हा विमानतळ, धावपट्टी अडीच किलोमीटर, सेस्नाला मैदानच. दुपारी खारा वारा सुटला की २७ नंबरची धावपट्टी, तोंड समुद्राकडे. उठलो की उजव्या अंगाला लांब सिंधुदुर्ग किल्ला, डावीकडे निवती. हजार फुटांवरून चौकोनी फेरी मारून परत उतरायचं. अशा दोनशेएक फेऱ्या झाल्या असतील.

आडव्या वाऱ्याचं गणित मात्र आमच्या वडिलांच्या होडीने सोडवलं. ओहोटी लागली असताना देवबागेहून भोगव्याकडे जायचं तर नाळ (होडीचं पुढचं टोक) समोरच्या काठावर धरत नाहीत, प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरकी धरतात. वारा उजवीकडून असेल तर नाक थोडं उजवीकडे ठेवायचं, टेकायच्या क्षणी रडरने सरळ करायचं. भाच्याला हे पाच मिनिटांत कळलं, व्हिडिओ बघून महिनाभरात कळलं नव्हतं.

एक गंमत. १९२९ साली एडविन लिंकने जमिनीवरच विमान शिकवणारा पहिला गाजलेला ट्रेनर केला, तो वडिलांच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यात काम करत असताना. त्या डब्याला हलवायला ऑर्गनचेच भाते लावले होते. आमच्या भजनातल्या पेटीवाल्या बुवांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना.

भाच्याला एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवलीय : खासगी पायलट लायसन्सला किमान ४० तास खरं उड्डाण लागतं, व्यावसायिकला २००, आणि घरच्या टेबलावरचा एकही तास त्यात धरत नाहीत. वळणात पोटात कालवतं, तेही इथे कळत नाही.

जॉयस्टिक सहाव्या महिन्यात थरथरायला लागला. खारी हवा आत शिरते. खोलून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, आता रोज कापडाखाली झाकून ठेवतो.

काल तिसऱ्या फेरीत तीनशे फुटांवर विमान धावपट्टीच्या रेषेतून डावीकडे सरकलं. भाच्याने काही न बोलता थ्रॉटल पूर्ण पुढे करून ताकद दिली, नाक उचललं आणि पुन्हा समुद्राकडे निघाला. उतरणं बिघडतंय असं दिसलं की ते सोडून पुन्हा फेरी मारायची, हे आमच्या धड्यांत कुठेच नव्हतं. बहिणीला मात्र वाटलं, पोराला उतरवता आलं नाही.