सवलत पंधरा हजारांची, भुर्दंड पंचाण्णव हजारांचा

२०२५ च्या दसऱ्याला आम्ही नवी गाडी घेतली. शोरूममध्ये दोन तास घासाघीस करून मी १५,००० रुपयांची रोख सवलत मिळवली आणि कोथरूडला परतताना वाटेत यजमानांना दोनदा तरी ऐकवले, की तुम्ही एकटे गेला असतात तर हे जमले नसते. त्याच व्यवहारात पुढल्या आठवडाभरात मी साधारण ९५,००० रुपयांचा जादा भुर्दंड, काही लगेच आणि काही पुढल्या हप्त्यांतून, स्वतःवर ओढवून घेतला होता, हे मला दिवाळी उलटल्यावर कळले. मी शाळेत गणित शिकवते, हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या सहकाऱ्यांनी ते मला पुरेसे ऐकवून झाले आहे.

पहिला घोळ सवलतीच्या आकड्यातच होता. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी, लहान गाड्यांवरील जीएसटी कमी झाला. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता, तो एकूण १८ टक्के झाला. त्यामुळे आमच्या गाडीची एक्स-शोरूम किंमत, म्हणजे नोंदणी, रस्ता कर आणि विमा सोडून शोरूममधली किंमत, ९,९९,००० रुपयांवरून ९,१४,००० रुपयांवर आली. हे वर्तमानपत्रात वाचून मला ठाऊक होते. तरीही विक्रेत्याने पुढे ठेवलेल्या कागदावर जुनी किंमत खोडून खाली ठळक अक्षरांत ‘एकूण लाभ १,२५,००० रुपये’ असे लिहिलेले पाहिल्यावर मी हरखले. त्या सव्वा लाखातले ८५,००० रुपये सरकारने सोडलेल्या कराचे होते आणि ते कोणत्याही शोरूममध्ये मिळणारच होते. १०,००० रुपयांच्या ॲक्सेसरीज होत्या, ज्यांची किंमत त्यांनीच ठरवलेली होती. १५,००० रुपये जुन्या गाडीच्या बदल्यातील बोनस होता आणि त्या जुन्या गाडीचा भाव त्यांनी आधीच पाडून धरला होता. उरलेले १५,००० तेवढे शोरूमचे स्वतःचे, आणि तेही आधी १०,००० होते. वरचे ५,००० ही माझ्या दोन तासांची कमाई. मोठा आकडा आधीच दिसल्यामुळे आणखी मागायला माझी मलाच भीड वाटली.

मुहूर्ताचा दबावही होता. ११,००० रुपये भरून बुकिंग झाले होते, दसऱ्याच्या सकाळी गाडी दारात हवी होती, आणि ‘मॅडम, आज कागद झाले नाहीत तर दसऱ्याची डिलिव्हरी माझ्या हातात नाही’ हे वाक्य त्या तरुणाने नेमक्या त्याच वेळी उच्चारले, जेव्हा मी विम्याच्या रकमेवर बोट ठेवले होते.

विम्यासाठी कागदावर ४६,८०० रुपये होते. मी बाहेरून विमा घेते म्हटल्यावर मला सांगण्यात आले, की मग रोख सवलत रद्द होईल आणि अपघात झाल्यास आमच्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस दुरुस्ती (जिचे बिल विमा कंपनी परस्पर भरते) मिळणार नाही. दोन्ही गोष्टी मी निमूट मान्य केल्या. वास्तविक विमा कोठून घ्यायचा हे ठरवण्याचा अधिकार सर्वस्वी ग्राहकाचा असतो, आणि कॅशलेस दुरुस्ती ही विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे की नाही यावर अवलंबून असते, विमा शोरूममध्ये घेतला की बाहेर यावर नव्हे. नव्या गाडीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा, सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे आणि त्याचा हप्ता सरकारने ठरवून दिलेला आहे. १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तो तीन वर्षांसाठी १०,६४० रुपये अधिक जीएसटी असा होता, तो कोणीही कमी-जास्त करू शकत नाही. म्हणजे जी काही कमाई होते ती गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात. विम्यासाठी गाडीची तेवढीच किंमत आणि तीच जोड-संरक्षणे (ॲड-ऑन) धरून मी नंतर दुसरीकडे विचारले, तर ३२,५०० रुपये सांगितले गेले. १४,३०० रुपये इथे गेले.

आरटीओच्या नावाखाली १,१६,००० रुपये घेतले होते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के कर लागतो, म्हणजे आमच्या गाडीला १,००,५४०. त्या करावर २ टक्के रस्ता सुरक्षा उपकर, नोंदणीचे ६००, कर्जबोजा नोंदवण्याचे १,५०० आणि किरकोळ शुल्क धरले तरी पावत्यांची बेरीज १,०५,००० रुपयांच्या आतच होती. त्या पावत्या मला कोणी दिल्या नाहीत. नोंदणी क्रमांक मिळाल्यावर मी त्या मागून घेतल्या. याशिवाय ‘हँडलिंग’ म्हणून ७,५०० रुपये होते. कशाचे हँडलिंग, असे विचारल्यावर ‘गोडाऊनपासून इथपर्यंत आणायचे’ असे उत्तर मिळाले. एक्स-शोरूम या शब्दाचा अर्थ तरी मग काय, हे मी तेव्हाच विचारायला हवे होते.

मात्र खरी फसगत कर्जात झाली. माझे पगाराचे खाते ज्या बँकेत आहे तिथे मला गाडीच्या कर्जाचा दर ९ टक्के सांगितला होता. शोरूममध्ये बसलेल्या वित्तपुरवठा कंपनीच्या प्रतिनिधीने ६ टक्के सांगितला आणि वर म्हणाला, ‘नऊ मोठे की सहा, हे तुम्हाला मी काय सांगणार? तुम्ही तर गणिताच्या मॅडम.’ आम्ही सगळे हसलो. त्याने ‘सहा टक्के फ्लॅट’ असे म्हटले होते, हे मला स्पष्ट आठवते. पण त्यातल्या ‘फ्लॅट’ या शब्दाकडे मी लक्ष दिले नाही. ‘महिन्याला किती जमेल तेवढे सांगा, बाकीचे मी बसवतो,’ असे तो म्हणाला. मी सतराएक हजार म्हटले आणि त्याने ८,००,००० रुपयांचे कर्ज पाच वर्षांत, १७,३३३ रुपयांच्या हप्त्यात बरोबर बसवून दिले.

सातवीच्या वर्गाला मी सरळव्याज शिकवते, म्हणून पुढचे त्याच पद्धतीने सांगते. फ्लॅट दरात व्याज पूर्ण आठ लाखांवर पूर्ण पाच वर्षे आकारतात: वर्षाला ४८,०००, पाच वर्षांचे २,४०,०००. प्रत्यक्षात पहिल्या हप्त्यापासूनच आपण मुद्दल परत करू लागतो आणि पाच वर्षांत सरासरीने निम्म्याच्या आसपासच रक्कम आपल्याकडे असते. जी रक्कम परत केली तिच्यावरही व्याज भरत राहायचे, असा हा व्यवहार आहे. घटत्या शिलकीच्या पद्धतीने, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज धरून हिशेब मांडला, तर तो ६ टक्के दर १०.८५ टक्के निघतो. बँकेचे ९ टक्के घटत्या शिलकीवरचे होते. तिथे हाच हप्ता सुमारे १६,६०७ रुपये पडला असता. फरक महिन्याला ७२६ रुपयांचा, पाच वर्षांत जवळजवळ ४३,६०० रुपयांचा. बँकेत मी दर विचारला होता, हप्ता विचारला नव्हता. तेवढा एक प्रश्न केला असता तर दोन आकडे शेजारी ठेवून चौथीतल्या मुलानेही उत्तर दिले असते.

त्यावर आणखी एक भर. डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी शोरूममधून फोन आला, की कर्जाची रक्कम २३,९०० रुपयांनी कमी आली आहे, तेवढे आणून द्या. त्यातले ४,५०० प्रक्रिया शुल्काचे होते आणि १९,४०० माझ्या जीवन विम्याच्या एकरकमी हप्त्याचे. असा विमा मी मागितला नव्हता, पण बावीस ठिकाणी केलेल्या सह्यांपैकी एक सही त्या अर्जावरही होती. विम्याच्या प्रमाणपत्रावर तीस दिवसांत तो परत करण्याची मुभा छापलेली होती. मी कागदांच्या गठ्ठ्यातला तो लिफाफा उघडला त्या दिवशी एक्केचाळीस दिवस झाले होते.

याच गठ्ठ्यात सर्वांत उपयोगाचा कागदही होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा तक्ता, देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे आणि त्यात सर्व शुल्कांसह पडणारा वार्षिक दर लिहावा लागतो. माझ्या कागदावर तो १२.१८ टक्के असा स्वच्छ छापलेला होता. कोणी काही लपवले नव्हते. तिथेही खाली माझीच सही होती.

कर्ज लगेच फेडून बँकेकडे वळवावे असे वाटले, पण ते स्थिर दराचे आहे आणि मुदतीपूर्वी फेडल्यास उरलेल्या मुद्दलावर ५ टक्के आकार आहे. व्यक्तीने स्वतःसाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर असा आकार घेण्यास मनाई आहे. स्थिर दराला ते संरक्षण नाही. हिशेब करून पाहिला, आकार आणि बँकेचे नवे प्रक्रिया शुल्क जाता हाती काहीच लागत नाही. मी शोरूमच्या व्यवस्थापकांना आरटीओच्या पावत्या जोडून लेखी पत्र दिले, तीन आठवड्यांत उत्तर आले नाही, तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर हँडलिंगचे ७,५०० आणि आरटीओतले जादा ११,००० रुपये खात्यात जमा झाले. विमा आणि कर्जाबद्दल ‘ग्राहकाने स्वखुशीने सह्या केल्या आहेत’ असे उत्तर आले, आणि त्यावर मला प्रत्युत्तर सुचले नाही.

डिसेंबरात शाळेतली एक सहकारी गाडी घ्यायला निघाली, तिने मला सोबत नेले. शोरूम दुसरे, कागद तसाच. या वेळी मी गाडीच्या किमतीबद्दल अवाक्षर काढले नाही. विम्याचा आणि आरटीओचा आकडा पावतीप्रमाणे लावा, आणि पाच वर्षांत ही बाई एकूण किती रुपये व्याज भरेल तो आकडा तुमच्या शिक्क्यानिशी लिहून द्या, एवढेच मागितले. समोरचा तरुण नम्रपणे ‘साहेबांना विचारून येतो’ म्हणून आत गेला. आमचा चहा संपला, दुसरा आला, तोही संपला.