एअरबस ए३५०चं रंगकाम: चकाकी छान, जबाबदारी धूसर

विमान म्हणून ए३५० अव्वल, रंगकामाला मात्र तेवढे गुण देता येत नाहीत. ढाचा बराचसा कार्बन फायबरचा. तो तापमान बदललं तरी फारसा हलत नाही. वरची तांब्याची जाळी आणि रंग मात्र फुगतात-आकसतात. उड्डाणागणिक ताण वाढतो, रंगाला बारीक तडे जातात, पोपडे सुटतात, जाळी उघडी पडते. वीज कोसळली तर तिचा प्रवाह हीच जाळी पसरवते, म्हणून ‘प्रश्न फक्त दिसण्याचा’ हे एअरबसचं उत्तर पटत नाही. युरोपीय नियामकाला उड्डाणयोग्यतेचा धोका आढळला नव्हता, हेही खरं. याच रंगावरून कतार एअरवेजने २०२१च्या डिसेंबरमध्ये लंडनमध्ये एअरबसवर दावा लावला. २०२३च्या फेब्रुवारीत तडजोड झाली, दोष कुणीच कबूल केला नाही. त्यामुळे पुढच्या ग्राहकाला आधाराला निकालच नाही.

खरेदी करारात तडे, जाळीची दुरुस्ती आणि विमान उभं राहिल्याचं नुकसान वेगवेगळं लिहून घ्या. पोपडा दिसताच फ्रेम क्रमांक (ढाच्याच्या कोणत्या कड्यापाशी, ते) लिहून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. उत्पादकाची पाहणी होईपर्यंत रंग खरवडू नका. मिथिलीन क्लोराइडचं रिमूव्हर तर लावूच नका, ते कार्बन फायबर बांधून ठेवणारं खालचं रेझिन खातं आणि मग वॉरंटीचा दावा देखभालीच्या चुकीवर ढकलला जातो.