काओकोलँडच्या आडवाटांसाठी ट्रॅक्स फॉर आफ्रिकाचा नकाशा

नामिबियाच्या वायव्येकडील काओकोलँडमध्ये स्वतः गाडी चालवत जायचे ठरल्यावर आम्ही सर्वांत आधी ट्रॅक्स फॉर आफ्रिकाचा नकाशा घेतला आणि तो पैसा सार्थकी लागला, असे मी निःसंकोच सांगेन. प्रवाशांनी प्रत्यक्ष गाडी चालवून नोंदवलेल्या मार्गांवर तो आधारलेला असल्यामुळे त्यात अंतराबरोबर लागणारा वेळही मिळतो, आणि या भागातले नियोजन तासांच्या हिशेबानेच करावे लागते. ओपुवो ते एपुपा धबधबा हे सुमारे १८० किलोमीटरचे अंतर कागदावर किरकोळ वाटते. परंतु खडीच्या रस्त्यावर कोरड्या नदीपात्रांचे चढउतार सुरू झाले, की अर्धा दिवस कसा सरतो ते कळत नाही.

मोबाइलची रेंज गेल्यावर बॉनेटवर पसरलेल्या त्या कागदी नकाशावर बोट ठेवून पुढचा पेट्रोलपंप शोधताना जो धीर मिळाला, तो मला फार मोलाचा वाटतो.

व्हॅन झिल्स पास हा घाट मात्र केवळ पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरायचा असतो आणि भाड्याच्या गाडीच्या करारात त्याला बहुधा मनाई असते, तेव्हा मार्ग आखण्यापूर्वी करार वाचावा. आमच्या गाडीवाल्याने कबूल केलेली दुसरी स्टेपनी दिलीच नव्हती, हे सेस्फोंटेनजवळ टायर फाटल्यावर लक्षात आले; ताब्यात घेतानाच दोन्ही स्टेपन्या, जॅक आणि हवा भरायचा पंप स्वतः तपासून घ्यावा.