जुन्या पोकलेनसाठी कोड रीडर: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर जे१९३९ (अवजड मशीनच्या कंप्युटरांची ठरलेली भाषा) वाचणारा, नऊ पिनांच्या केबलचा, बिघाडाचे कोड दाखवणारा हातातला कोड रीडर घेतला. तोच डबा बाजारात चार-पाच नावांनी मिळतो, म्हणून नावात अडकत नाही. आमची कामं कराड भागातली: शेततळी, विहिरी, मुरूम. मशीन सगळ्या सेकंडहँड. आता उन्हाळ्याची कामं जोरात आहेत आणि हा डबा कायम गाडीत असतो. माझं मत आधीच सांगतो: जुनी मशीन चालवणाऱ्याने घ्यावाच, पण जवळ चांगला मल्टिमीटर असेल तरच.

कोडमध्ये दोन आकडे येतात. एसपीएन म्हणजे तक्रार कशाची, आणि एफएमआय म्हणजे तक्रार काय. ११० आला की कूलंटचं तापमान, १०० म्हणजे ऑइल प्रेशर, १०२ बूस्ट (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचं प्रेशर), १५७ रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचं). बरेच फिटर इथेच थांबतात आणि सेन्सरची ऑर्डर देतात. खरं काम दुसऱ्या आकड्याचं आहे. ३ म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी. अशा वेळी वायर, कपलर, नाहीतर सेन्सर बघायचा. पण ० किंवा १ आला तर सेन्सर बहुतेक खरंच सांगतोय. ११० सोबत ० असेल तर इंजिन तापलेलं आहे, रेडिएटरची जाळी धुळीने बसली आहे का ते आधी बघा. १०० सोबत १ असेल तर मशीन तिथेच बंद करा आणि मेकॅनिकल गेज लावून प्रेशर मोजा. त्या जागी नवा सेन्सर लावून काम चालू ठेवलं तर क्रँक जातो, आणि मग सेन्सरच्या किमतीची आठवणही राहत नाही.

डब्याचे पैसे वसूल झाले ते एका २१ टनी मशीनवर. इंजिन कमिन्सचं क्यूएसबी ६.७. आधीच्या मालकाने ऑइल प्रेशरचा आणि बूस्टचा असे दोन्ही सेन्सर नवे टाकले होते, तरी लोड आला की इंजिनाची ताकद कमी व्हायची आणि लाल दिवा लागायचा. रीडर लावला तर १०० आणि १०२ दोन्हींवर एफएमआय ४, आणि त्यांच्यासोबत ३५१० वर ४. हा ३५१० म्हणजे सेन्सरना जाणारी ५ व्होल्टची सप्लाय. एका लाइनवर दोन-तीन सेन्सर असतात. ती लाइन कुठेही अर्थ झाली, म्हणजे बॉडीला लागली, की सगळे एकदम आजारी दिसतात. असे कोड घोळक्याने आले की सप्लायचा कोड आधी धरायचा, बाकीचे नंतर.

चावी चालू ठेवून कपलरवर मोजलं तर ५ च्या जागी १ व्होल्टसुद्धा धड नव्हता. एकेक सेन्सरचा कपलर काढत गेलो, व्होल्टेज काही वर येईना. म्हणजे सेन्सर सुटले, उरली वायरिंग. मग हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, हाताने दाबत, हलवत निघालो. इंजिनाच्या मागच्या बाजूला, ब्रॅकेटखालून हार्नेस वळतो तिथे हात गेला आणि मीटरचा आकडा उडी मारून ४.९ वर गेला. टेप सोडली. आतली नळी कडेवर घासून चपटी झालेली, एका वायरचं इन्शुलेशन गेलेलं आणि तांबं काळं पडलेलं. सोल्डर, हीट श्रिंक, वर नवी नळी, आणि ब्रॅकेटच्या कडेला रबर. त्यानंतर तो कोड परत आला नाही.

कूलंटच्या दोन वायरींच्या सेन्सरसाठी तर मीटरही लागत नाही. कपलर काढला की ११० वर ३ यायला हवा. कपलरच्या दोन पिना तारेने जोडल्या की ४. असा बदल झाला म्हणजे वायरिंग आणि ईसीएम (इंजिनाचा कंप्युटर) ठीक, दोष सेन्सरचा. प्रेशर सेन्सर तीन वायरींचे असतात, त्यांच्यावर हा प्रयोग करू नका.

मशीन विकत घेताना मी आता रीडरशिवाय जात नाही. विकणारा कोड पुसून ठेवतो, त्यामुळे सकाळच्या थंड मशीनवरचा कोरा पडदा बघून फसू नका. तासभर बकेट भरून चालवा, इंजिन गरम होऊ द्या, मग परत वाचा. अजून एक: एसपीएन २४७ वर इंजिनाचे एकूण तास मिळतात. ते आणि केबिनमधल्या मॉनिटरवरचे तास यांच्यात मोठा फरक निघाला तर विचारायचं, आणि उत्तर पटलं नाही तर उठायचं. मॉनिटर बदलला असेल तर फरक पडू शकतो, पण मग त्याचं बिल दाखवा म्हणावं.

आता डब्याच्या उणिवा. उन्हात पडदा दिसत नाही, केबिनमध्ये जाऊन वाचावं लागतं. इंजेक्टर एकेक बंद करून बघायची सोय नाही, त्यासाठी कंपनीचं सॉफ्टवेअरच हवं. काही जपानी मशीनचं सॉकेट वेगळं असतं, तिथे याचा उपयोग नाही. मॉनिटरच्या सर्व्हिस मोडमधूनच कोड काढावे लागतात. काही मशीनवर सॉकेट नऊ पिनांचंच, पण कॅनच्या वायरी (कोड ज्यांच्यावरून येतात त्या दोन) नेहमीच्या सी आणि डी सोडून वेगळ्या पिनांवर असतात, त्यामुळे डबा गप्प बसतो आणि माणूस डब्याला दोष देतो. डबा गप्प असला तर आधी चावी बंद करून सी आणि डी पिनांमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास हवेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर तुटलाय, शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात.

केबलच्या कपलरचं रबर मात्र पावसाळ्यातच फाटलं. चिखलात वापरणाऱ्यांनी केबल सुटी मिळते का ते विचारूनच डबा घ्यावा. मी दुसरी मागवून ठेवली आहे. आणि बकेटला किंवा बूमला वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी सोडवा, ईसीएमचे कपलर काढा, आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या जागेजवळच लावा. आमच्याकडे वेल्डरला आता हे सांगावं लागत नाही, तो आल्या आल्या पाना मागतो.